सत्तेचाळीस नंबरचं मागचं चाक

सटाणा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हर्षाली,

टण्ण. त्या आवाजानं मला अजून जाग येते. आता तो कुठं वाजत नसतो, पण साडेपाचला डोळे उघडतात आणि वाटतं, वर्कशॉपच्या खड्ड्यापाशी एसट्या रांगेनं उभ्या आहेत, इंजिनं गार आहेत, चहाची किटली अजून आलेली नाही, आणि कोणीतरी पहिल्या गाडीच्या मागच्या चाकाआड हात घालून ब्रेकच्या ड्रमवर हातोडा मारला. बेचाळीस वर्षांपूर्वी तो कोणीतरी मी होतो.

ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं ओतीव लोखंडाचं भांडं. ब्रेक दाबला की आतले लायनर त्याला आवळतात आणि गाडी थांबते. भांडं धड असलं की आवाज लांबत जातो, शाळा सुटतानाच्या टोलासारखा. तडा गेला असला तर थड म्हणतो आणि गप्प बसतो. एसटीला ड्रम चार. आमच्या चौथीच्या गुरुजींनी चालीवर म्हणायला शिकवलेल्या कवितेच्या कडव्यालाही चरण चार. मी दर ड्रमला एक चरण म्हणायचो. तिसऱ्या चरणाला ताल तुटला की समजायचं, ही गाडी आज रस्त्यावर जायची नाही. फोरमन म्हणायचे, "वाल्मीक, तू गाडी तपासतोस का तोंडी परीक्षा घेतोस?"

महेशची, म्हणजे तुझ्या वडिलांची, तक्रार आहे की नाना फोन उचलत नाहीत. फोनवरच्या बोलण्याला चव नसते ग. आपला शेजारी भारत आठवड्यातून दोनदा इथं कांदा भरायला येतो, अंबडला तुझ्याच यार्डात थांबतो आणि पुढं कसाऱ्याचा घाट उतरून बंदरावर जातो. त्याच्या हाती पत्र देत जा. टपालाला चार दिवस लागतात, भारतला चार तास. त्याला तुमच्या ट्रकच्या कंपनीत घ्या म्हणून महेशच्या मागं मीच लागलो होतो, तेव्हा एवढं काम त्यानं करायला हरकत नाही. त्याची सुवर्णा म्हणते, "नाना, माझ्याहून जास्त वाट तुम्हीच बघता."

आता तू नेमकं काय करतेस ते लिही. महेश म्हणाला, गाड्यांना मार्क देते. मला काही उमगलं नाही. गाड्यांची सहामाही असते का?

तुझा,
वाल्मीक नाना


इंदिरानगर, नाशिक
१३ नोव्हेंबर

नाना,

पत्राचा मायना मला येत नाही. आईनं 'तीर्थरूप' लिहायला सांगितलं, ते लिहून बघितलं तर लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं. म्हणून नुसतं नाना.

गाड्यांची सहामाही नाही, रोजची परीक्षा असते. प्रत्येक गाडीला शंभरपैकी गुण. वेळेवर पोचली का, रस्त्यात बंद पडली का, ड्रायव्हरनं किती वेळा करकचून ब्रेक मारला, हे सगळं आपोआप येतं. केबिनमध्ये कॅमेरा आहे. ड्रायव्हरनं जांभई दिली की तो कुकरच्या शिट्टीसारखा ओरडतो. भारत दादा म्हणतो, "याच्यापेक्षा बायको परवडली, ती निदान चहा देते." ऐंशीच्या वर गुण असले की गाडी माझ्या स्क्रीनवर हिरवी, साठपर्यंत पिवळी, खाली लाल. लाल गाडी यार्डाबाहेर जात नाही. ते बटण माझ्याकडे आहे. सही पण माझीच.

एक गोष्ट तुम्हालाच विचारते. भारत दादाची सत्तेचाळीस नंबर घाट उतरताना मागच्या डाव्या चाकातून करकरते म्हणे. चहा पिता पिता सहज बोलला. मी म्हटलं, "मग रजिस्टरमध्ये लिहा की." तर म्हणाला, "ताई, लिवलं का गाडी उभी, गाडी उभी का गुण खाली. गाडीचेबी आन माझेबी. मंग मला बंदर नाय, अंबडातल्या अंबडात लोखंडाचे पत्रे वाहायचे."

आणि ते खरं आहे नाना. जितक्या तक्रारी कमी तितकी गाडी भरवशाची, असा नियम आहे. मुंबईच्या ऑफिसनं ठरवला, पण कॉम्प्युटरमध्ये बसवला मी. तेव्हा बरोबर वाटला होता.

वर्कशॉपच्या दिनेश सरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, लायनर नवे आहेत, बसायला वेळ लागतो. स्क्रीनवर सत्तेचाळीसला शहाण्णव गुण आहेत. सगळ्या यार्डात सर्वात हिरवी गाडी तीच.

भारत दादा गाडी घेऊन सटाण्याला येतोच आहे. तुम्हीच एकदा हातोडा मारून बघाल का?

हर्षाली


सटाणा,
सोमवार, १७ नोव्हेंबर

हर्षाली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा सुवर्णाला वाचून दाखवायला (चाकाचा मजकूर गाळून), आणि एकदा तुझं अक्षर बघायला. अक्षर महेशच्या वळणावर गेलंय, म्हणजे कुत्र्याच्या पायांचं, पण ओळी सरळ आहेत.

तुमचा तो नियम वाचून मी थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो. आमच्याकडं उलट होतं. ज्या गाडीची तीन महिने तक्रार नाही तिच्याकडं फोरमन आधी जायचे. म्हणायचे, हिचा ड्रायव्हर एकतर झोपतो नाहीतर घाबरतो.

गाडी मी बघावी म्हणतेस. भारत गाडी घेऊन आला होता, पण उजेड कमी होता, घाई होती. आणि मी किती दिवस पुरणार? ही विद्या तू शिकून घे. माझा हातोडा याच खेपेला भारतबरोबर पाठवतो आहे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, हातोडा मी मागून घेतला. दांडा बाभळीचा आहे, दोनदा बदललाय.

सकाळी लवकर जा, लोखंड गार असताना. इंजिन बंद. दांडा सैल धर, दाबून धरलास तर आवाज तुझ्या मुठीतच राहतो. चाकाच्या मागं हात घालून ड्रमच्या कडेवर एकच टोला दे, जोर नको. मग श्वास रोखून ऐक. चाकांना मागून-पुढून दगड लाव, आणि दगड म्हटलं की मला आमच्या शाळेमागची आरम आठवते. नदीला पाणी गुडघाभर, पण दगड असे गोल की गुरुजी खिशात घालून वर्गात आणायचे. नदीची कविता शिकवताना त्यांनी तो दगड प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "नदी हे करते. आता म्हणा." आणि आम्ही चाळीसेक पोरांनी एका सुरात म्हटली. ओळी आता सगळ्या आठवत नाहीत, पण तो गार दगड हातात आहे असं अजून वाटतं. तुमच्या वेळी असं कोणी शिकवलं का?

असो. वाजला तर गाडी जाऊ दे. नाही वाजला तर कोणाचं ऐकू नकोस. लाल बटण दाब.

वाल्मीक नाना


अंबड, यार्डातून
शनिवार, २२ नोव्हेंबर

नाना,

डबा खाता खाता लिहिते आहे, तेलाचा डाग पडला तर समजून घ्या.

तुमची विद्या कामी आली. काल सकाळी साडेसहाला आले, वॉचमन मलाच चोर समजला. नऊ गाड्या उभ्या होत्या. दगड लावले, दांडा सैल धरला, एकच टोला. पुढची चाकं इतकी छान वाजली की अंगावर काटा आला. तुम्ही म्हणता तो आवाज मी खरंच ऐकला. पण मागची चाकं! सगळी मुकी. थड, थड, थड. नऊच्या नऊ गाड्यांची. सत्तेचाळीसचं डावं तर होतंच, उजवंही.

आधी मलाच खरं वाटेना. मग विचार केला, वजन मागच्या चाकांवर येतं, आणि ड्रम सगळे मागच्या वर्षी एकाच ठिकाणाहून घेतलेत. एकाच भट्टीतला खराब माल असणार. मी नऊही गाड्या लाल केल्या, मुंबईला मेल पाठवला. यार्ड बंद आहे. दिनेश सर माझ्याशी बोलत नाहीत. भारत दादा गाडीखाली सतरंजी टाकून झोपलाय आणि म्हणतो, "ताई, तीन वर्सात पैल्यांदा दुपारी झोपलो."

गाडी उभी असल्यामुळं हे पत्र सटाण्याच्या एका पिकअपवाल्याकडं देते आहे. सोमवारी मुंबईचे साहेब येणार आहेत. भीती वाटते, पण तुम्ही लिहिलंय ना, कोणाचं ऐकू नकोस.

हर्षाली


सटाणा,
सोमवार, २४ नोव्हेंबर

हर्षाली,

पिकअपवाला कालची रात्र मालेगावात राहिला. तुझं पत्र आज साडेअकराला हाती आलं. "पुढची वाजली, मागची मुकी" एवढं वाचलं आणि पुढं वाचवेना.

पोरी, ब्रेक सोडायचा असतो. गाडी उभी केली की मागच्या चाकांचे ब्रेक आवळलेले असतात, पुढच्यांचे नसतात. लायनरनं आवळून धरलेला ड्रम नवाकोरा असला तरी वाजत नाही. वाजत्या घंटेवर हात ठेवावा तसं होतं. म्हणून तर चाकांना दगड लावायचे, ब्रेक सोडल्यावर गाडी सरकू नये म्हणून. मी काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. "दगड लाव, आणि" एवढं लिहून मी नदीवर गेलो. पुढचं वाक्य डोक्यात होतं, कागदावर आलंच नाही.

आणखी एक सांगायचं आहे. भारत आला तेव्हा उजेड कमी नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. भारत जेवायला घरात गेला तेव्हा मी ब्रेक सोडला, दगड लावले आणि ड्रम वाजवून पाहिले, या ट्रकला सहा असतात, सहाही. मला एकही ऐकू आला नाही. हातोडा ड्रमवर बसलेला हाताला कळत होता, कानाला काही नाही. तीन-चार वर्षांपासून असंच आहे. डावा कान गेलाय. उजव्यात कोणी तोंड घालून बोललं तर समजतं. फोनमधून नुसती माशी गुणगुणते. महेशला सांगितलं असतं तर त्यानं मला नाशिकला नेऊन दवाखान्यात बसवलं असतं. भारतला म्हटलं, "हर्षाली बघेल." एवढंच म्हणालो.

सुवर्णाला सगळं सांगून तुला फोन लावायला बसवलंय. ती म्हणते, "नाना, रिंग जाते, उचलत नही." सहा वेळा लावला. मीटिंगला फोन बाहेर ठेवायला लावतात का? भारतचा तर बंदच आहे. पिकअपवाला परत जाणार नाही. हे टपालात टाकायला चाललोय, मला माहीत आहे की उपयोग नाही. तरी टाकतो.

साहेबांना सांग, चूक म्हाताऱ्याची आहे. आठ गाड्यांची माफी माग. पण सत्तेचाळीस ब्रेक सोडून पुन्हा वाजव. ती करकरते हे भारतनं हातोडा येण्याआधी सांगितलं होतं.

नाना


इंदिरानगर,
२८ नोव्हेंबर

नाना,

सुवर्णावहिनीचा फोन मी सोमवारी तीन वाजता घेतला. तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुमचं टपालाचं पत्र आज आलं.

तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका म्हणून आधी गमतीचं लिहिते. साडेअकराला मुंबईचे दोन साहेब, दिनेश सर, सगळे ड्रायव्हर, कँटीनवाला, असे वीसेक जण यार्डात जमले. दिनेश सर पहिल्या गाडीच्या केबिनमध्ये चढले, एक खटका ओढला, फुस्स करून हवा सुटली. खाली उतरून माझ्याच हातातला हातोडा घेतला आणि मारला. टण्ण. दुसरी गाडी, टण्ण. तिसरी, टण्ण. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सत्तेचाळीस चौथी उभी होती नाना. तिच्यापाशी आल्यावर मी म्हटलं, "सर, ही एक वाजवा." ते म्हणाले, "पुरे आता मॅडम, लग्नात बँड लावायचाय का?" आणि हातोडा माझ्या हातात दिला.

मी पुन्हा म्हटलं. साहेब म्हणाले, तीन तपासल्या, तिन्ही चांगल्या निघाल्या, नमुना म्हणून पुरे आहेत. तिथंच मोबाइलवरून नऊही गाड्या हिरव्या केल्या. आता लाल बटण माझ्याकडं नाही. मी दुसऱ्या टेबलावर बसते, पावत्यांचे नंबर टाकते. सत्तेचाळीस कुठं जाते, कोण नेतं, ते मला दिसतही नाही.

दिनेश सर वाईट नाहीत. तीन दिवस यार्ड माझ्यामुळं बंद होतं आणि सगळ्यांची बोलणी त्यांनी खाल्ली. ड्रम उघडायचा तर गाडी आख्खा दिवस उभी करावी लागते, आणि त्यांच्याकडं उभ्या गाड्यांचा हिशोब वेगळा मागतात.

वहिनींनी सांगितलेलं मी भारत दादाला सांगितलं आणि हातोडा त्याच्या हाती दिला. मंगळवारी सकाळी कोणी यायच्या आत त्यानं ब्रेक सोडून वाजवलं. मी गेटपाशी उभी होते. पाच वेळा टण्ण ऐकू आलं. मागचं डावं, थड. त्यानं परत मारलं. थड. तो सरळ दिनेश सरांकडं गेला. सर म्हणाले, "तुझ्या मॅडमनं शिकवलं का?" भारत दादा म्हणाला, "गाडी मी नेनार नाय." मग घरी बस म्हणाले. त्यानं आपली सतरंजी गुंडाळली, केबिनमधली गणपतीची मूर्ती काढून घेतली आणि निघाला.

मुंबईला मी पुन्हा मेल केला. पाच सेकंदांत उत्तर आलं की आपली सूचना नोंदवली आहे. आरटीओत चौकशी केली, गाडीचा फिटनेसचा कागद जूनपर्यंत चालू आहे.

हे पत्र आणि तुमचा हातोडा भारत दादाबरोबर पाठवते आहे. तो आज एसटीनं येतोय. नोकरी गेली त्याची, पण त्या गाडीत तो नाही. मी तेवढंच धरून बसले आहे.

हर्षाली


सटाणा,
गुरुवार, ४ डिसेंबर

हर्षाली,

भारत शुक्रवारी दिवेलागणीला पोचला. सुवर्णानं मांडे केले. मलाही बोलावलं, आणि मी जेवलो, पोटभर जेवलो. नोकरी घालवून आलेल्या माणसाच्या घरी असं जेवू नये खरं तर. पण तो समोर पाटावर बसला होता आणि त्याची सावली भिंतीवर पडत होती, मला तेवढ्यानंच बरं वाटत होतं. तो सध्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायला जातो. तक्रार नाही त्याची.

तीन दिवस बरे गेले. परवा कवितांची जुनी वही काढली, जिच्यात गुरुजींनी लाल शाईनं शाबास लिहिलंय. वाचता वाचता मधेच मनात आलं, गाडी कोणाला दिली असेल? इतके दिवस मी भारतच्या जिवाची काळजी करत होतो, आणि भारत उतरल्यावर जणू गाडीलाही कोणी उरलं नाही असं धरून चाललो होतो. ते विचारावं म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो. टपालानं पाठवणार होतो. तुला दिसत नसलं तरी गेटवरच्या वॉचमनला विचार, एवढंच लिहायचं होतं.

इथवर लिहिलं आणि दाराची फळी हलली. मला टकटक ऐकू येत नाही, फळी हललेली दिसते. उघडलं तर चाळिशीचा एक माणूस, काळा, काटक, पायात नवे बूट. त्याच्या पाठीमागं रस्त्यावर गाडी उभी. ताडपत्री बांधलेली, कांद्यानं भरलेली. नंबरचे शेवटचे आकडे मी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

तो उजव्या कानाशी आला. भारतनं त्याला शिकवलं नव्हतं, माझ्याकडं बघूनच त्यानं ओळखलं असावं. म्हणाला, "मी यादव, बाबा. सत्तेचाळीसवरचा. काचंला कागद चिकटवलाय, सटाणा, नाना, पत्र. म्हनलं आधीच्या भाऊचा नेम दिसतोय. द्या, नेतो."

मी म्हटलं, "बाळा, ती गाडी घाटात नेऊ नकोस. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम तडकलाय."

"म्हायती हाय, बाबा. करकरतोय. इचारलं मी साहेबाला. त्यांनी मोबाइल दावला, हिरवी हाय, अठ्ठ्याण्णव."

म्हणजे दोन गुण वाढले. तू बघ, तक्रार करणारा गेला आणि वाढले.

"मग नाही म्हण की."

तो हसला. "नाय म्हनलं का भारतभाऊसारकं. भारतभाऊचं गाव मोठं हाय, त्याला गोण्या तरी घावल्या, बाजारात ऐकलं मी. मी पेठकडचा. आठ वर्सं द्राक्षाच्या बागंत बायकोपोरी घेऊन हिंडलो. आता पोरी आश्रमशाळंत एका जागी बसून शिकत्यात. हळू उतरंन मी. खालच्या गेअरात."

बेचाळीस वर्षांपूर्वी असतं तर चावी काढून घेतली असती, तो हक्क मला होता.

सुवर्णा धावत आली. भारतला फोन लावला, तो बाजारात गोण्यांच्या गलक्यात, उचलत नाही. मग तुला लावला. तू म्हणालीस म्हणे, त्याला थांबवून धरा, मी दिनेश सरांना घेऊन मुंबईला फोन लावते. किती वेळ थांबवायचं ते सांगितलं नाहीस. तुलाही माहीत नसेल. तुला त्यांच्या केबिनमध्ये तरी येऊ देतील की नाही, कोण जाणे.

सुवर्णानं यादवला भाकरी वाढली. तो म्हणाला, "वैनी, घाईत हाय, गाडी उशिरा पोचली का मार्क जात्यात." तरी बसला, दोन घासांत संपवली. तिनं आणखी वाढली, ती त्यानं फडक्यात बांधून घेतली. हात धुऊन तो आता दारात उभा आहे, हात पुढं करून. भला माणूस आहे. पत्र घेतल्याशिवाय जाणार नाही, कारण कागदावर तसं लिहिलंय. मी खूण करून सांगितलं, संपत आलंय, थोडंच राहिलं.

काहीच राहिलेलं नाही हर्षाली. तुला सगळं फोनवर कळलेलं आहे. पण मी लिहितो आहे तोवर गाडी इथं आहे.

तर आमच्या चौथीच्या वर्गाला तीन खिडक्या होत्या. मधल्या खिडकीतून नदी दिसायची. पहिल्या बाकावर मी, माझ्या शेजारी एक तेल्याचा मुलगा होता, त्याला सगळ्या कविता पाठ, पण म्हणायला उभा केला की रडू यायचं. गुरुजी त्याला म्हणायचे, तू बसून म्हण. हजेरीला आम्ही एकेचाळीस होतो. सगळ्यांची नावं मला येतात, लिहू लागलो तर पान भरेल.

यादवनं घड्याळ बघितलं. सुवर्णानं त्याला चहा विचारला, त्यानं नको म्हणून मान हलवली.

मी दुसरा कागद घेतला.